सिस्टरांचं विम्याचं घर

सिस्टर सकाळी उठल्या की आधी घराला ताप आहे का ते बघायच्या. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. व्हरांड्यातला मेन स्विच, मग स्वयंपाकघरातला बोर्ड, मग माझ्या खोलीतला, असं एकेका ठिकाणी जाऊन त्या हाताची पालथी बाजू टेकवायच्या. पेशंटच्या कपाळावर टेकवतात तशीच. डोळे मिटून जरा थांबायच्या, "न्हाई, थंड हाय," असं स्वतःशीच म्हणायच्या आणि मग गॅसच्या टाकीपाशी वाकून वास घ्यायच्या. एवढं झाल्याशिवाय चहाचं आधण चढत नसे.

दारामागे वाळूच्या दोन लाल बादल्या टांगलेल्या, पेट्रोल पंपावर असतात तशा. त्यातली एक जरा खाली होती आणि शेजारच्या मांजरीला ती फार आवडायची. दर रविवारी सिस्टर ती वाळू चाळणीनं चाळून उन्हात पसरायच्या, मांजरीला शिव्या द्यायच्या आणि संध्याकाळी वाळू परत बादलीत भरायच्या. बादली वर टांगा, असं मी एकदा सुचवलं. तर म्हणाल्या, "आन आग लागली तवा तुझा हात पुरल का तिथवर?" म्हणजे ती बादली माझ्या उंचीच्या हिशोबानं खाली होती. हे कळल्यावर मी त्या मांजरीबद्दल पुन्हा बोलले नाही.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. मी त्यांना भेटले तेव्हा त्या रिटायर झाल्या होत्या. आयुष्यभर आखाडा बाळापूर, डोंगरकडा अशा गावांतून बाळंतपणं केली, लेकरांना डोस पाजले, आणि शेवटी हिंगोलीत स्टेशनच्या मागच्या बाजूला स्वतःचं घर बांधलं. पुढं स्लॅबची एक खोली आणि स्वयंपाकघर, मागं अंगणात पत्र्याची एक खोली. लग्न केलं नव्हतं. गल्लीतली लहानमोठी सगळीच त्यांना सिस्टर म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे.

घर बँकेच्या कर्जावर बांधलेलं. कर्ज पाहिजे तर घराचा विमा काढा, असं बँक म्हणाली, म्हणून काढला. पुढं कर्ज फिटलं. आता विमा चालू ठेवायची सक्ती नाही, असं बँकेतल्या साहेबांनी सांगितलं. सिस्टर त्यांच्यावरच चिडल्या. "लेकराला गोवर झाला न्हाई म्हनून लस वाया गेली म्हनता का तुमी?" तेव्हापासून दरवर्षी विम्याचा हप्ता भरायला त्या स्वतः जायच्या, इस्त्रीची साडी नेसून. त्याला त्या हप्ता म्हणत नसत, डोस म्हणत.

गल्लीत हा विनोदाचा विषय होता. समोरच्या काकू, तोंडानं फटकळ पण जिवानं चांगल्या, येताजाता म्हणायच्या, "काहो सिस्टर, घर काय म्हैस हाय व्हय इमा काढायला? कानात बिल्ला मारला का त्याच्या?"

"तुमच्या म्हशीचा इमा हाय. तुमच्या डोक्यावरच्या छपराचा न्हाई," सिस्टर म्हणायच्या. "म्हैस तुमच्यापेक्षा हुशार हाय मंग."

मी त्या गल्लीत कशी आले ते सांगते. मी कोकणातली. सातवीनंतर शाळा सुटली. माझा भाऊ रेल्वेच्या ठेकेदाराकडे गॅस कटिंगचं काम करायचा आणि तेव्हा इकडच्या मीटरगेजची ब्रॉडगेज करण्याचं काम चाललेलं. त्याच्या भाकऱ्या थापायला म्हणून मी त्याच्याबरोबर आले. फावल्या वेळात ब्लाऊज शिवायचे. बाजारातल्या एका कापडवाल्यानं काम द्यायला सुरुवात केली आणि त्या कमाईतून मी मोटरीचं शिलाई मशीन घेतलं. मग रेल्वेचं काम वाशीमच्या बाजूला सरकलं. भाऊ म्हणाला, तू गावी जा. मला जायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या हाताला माझं काम होतं.

पण राहायचं कुठे? मला लहानपणापासून भीती वाटते, कशाचीही. दार वाजलं तरी, आणि बराच वेळ वाजलं नाही तरी. त्या दिवसांत तर मला घास गिळवत नव्हता. सिस्टर ब्लाऊज टाकायला आल्या होत्या. माप देता देता माझं तोंड बघून म्हणाल्या, "काय झालं, पोरी? नाडी पाहू का?" मी रडले. त्या म्हणाल्या, "मागची खोली रिकामी हाय. पन आधी हिस्ट्री घ्यावं लागंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि दवाखान्यात पेशंटची घेतात तशी हिस्ट्री घेतली.

"बिडी, तंबाखू?"

"नाही."

"देवापाशी दिवा लावून बाहेर जातीस का?"

"लावते. पण विझवून जाते."

"झोपंत उठून चालतीस का?"

"माहीत नाही."

"बराबर. ज्याला त्याला ते कसं माहीत राहील?" असं म्हणून त्यांनी ते एका बोटावर मोजून ठेवलं, बघू नंतर, अशा चेहऱ्यानं. मग मशीन, इस्त्री, दोन्हींची चौकशी. इस्त्रीचा पिन हातानं ओढून पाहिला.

भाऊ सामान टाकायला आला. दारावरचा बाबासाहेबांचा फोटो बघून त्यानं सामान उंबऱ्याबाहेरच ठेवलं. मला बाहेर नेऊन हळूच म्हणाला, "इथंच राहणार तू?" मी हो म्हणाले. त्याला मी इतकं ठाम कधीच काही बोलले नव्हते. तो गेल्यावर सिस्टरांनी विचारलं, "भाऊ काय म्हनला?"

"काही नाही."

"बरं. या घरात घरच्याचा न् बाहेरच्याचा माठ येगळा न्हाई. एकच हाय. जमते का?"

"जमतं," मी म्हणाले आणि त्याच माठातलं तांब्याभर पाणी प्यायले. तहान खरंच लागली होती.

मला वाटलं, झालं, आता मी राहिले. पण सिस्टर म्हणाल्या, "आता इम्याच्या हापिसाला कळवावं लागते."

माझं नाव कुठल्या ऑफिसात? आणि ते नको म्हणाले तर?

सिस्टरांचं म्हणणं असं, की घरात माणूस वाढलं, तेही बाहेरचं, त्यात शिलाईचं काम, इस्त्री, मोटर, म्हणजे घराची तब्येत बदलली. आणि तब्येत बदललेली लपवायची नसते. यामागे बाळापूरची एक बाळंतीण होती. तिला लग्नाआधीपासून मिरगी यायची. सासरी कळू नये म्हणून मायनं लपवलेलं, सासूला कळलं तेव्हा गावात कळू नये म्हणून सासूनं लपवलं. बाईला टेबलावर झटके आले तेव्हा डॉक्टर भलत्याच आजाराच्या मागं लागले. बाई वाचली. "पन कशी वाचली ते मला इचार," सिस्टर म्हणायच्या आणि पुढचं सांगायच्या नाहीत. "दोघी बाहीर उभ्या होत्या. दोघीले माहीत होतं. आन दोघी रडून राहिल्या होत्या."

तर त्यांनी विमा कंपनीला कळवलं आणि चार दिवसांत एजंट हजर झाला. हसतमुख तरुण माणूस, मोटारसायकलवर गॉगल घालून यायचा.

"सिस्टर, कशाला डोकेदुखी लावून घेता? भाची हाय म्हना की! कोन पाहून राहिलं?"

"भाची? तिच्या मायचं नाव सांगा मंग मला."

"अवो, म्हनायला काय जाते?"

"तेच इचारून राहिले मी. किरायदार म्हनलं तर काय जाते, ते सांगा."

मग एजंटनं गॉगल काढून नीट सांगितलं. मला जेवढं समजलं तेवढं लिहिते. घरात शिलाईचा धंदा, म्हणून हप्ता थोडा वाढणार. चोरीचं कलमही आखूड होणार. बाहेरून कुलूप-कडी तोडून चोरी झाली तर पैसे मिळणार, पण किरायदारानंच काही नेलं तर नाही. आणि किरायदाराचं स्वतःचं सामान सिस्टरांच्या विम्यात धरलं जाणार नाही. घरच्या माणसाचं धरतात. किरायदाराचं नाही, ते ज्याचं त्यानं बघायचं.

"मंजे घर जळालं तर माझी भांडी भरून देता, आन हिची मशीन न्हाई?"

"न्हाई. म्हनून तर म्हनतो, भाची म्हना."

मी दाराआड उभी होते. सिस्टर म्हणाल्या, "लिहा, किरायदार. शिलाईचं काम करते." आणि मला हाक मारून म्हणाल्या, "ऐकलं ना? तुझ्या मशीनचा इमा तुला येगळा काढावं लागंल." मी मान डोलावली. पण काढला नाही. विमा हे मोठ्यांचं काम, असं मला वाटायचं.

सिस्टरांबरोबर कुठे जायचं म्हणजे लाजायची तयारी ठेवूनच जावं लागे. एका लग्नात पंगत बसली होती. पुऱ्या वाढून झाल्या आणि सिस्टर उठून मंडपवाल्याला शोधायला गेल्या. त्याला हाताला धरून आणलं. "ही वायर उघडी हाय. अर्थिंग कुठं हाय?" तो म्हणाला, "जेवा ना मावशी." त्या म्हणाल्या, "तू दाखव. मंग जेवते." नवरामुलगा, व्याही, सगळे बघायला लागले. मंडपवाल्यानं शेवटी स्टूल आणून वायरला टेप गुंडाळला, तोवर पुऱ्या गार. सिस्टरांनी त्या गार पुऱ्या आनंदानं खाल्ल्या, चार जास्तच खाल्ल्या. मी मात्र मान खाली घालून भाताशी खेळत होते. पण खरं सांगते, त्या मंडपात निर्धास्त वाटलं ते त्यानंतरच.

मला वाटायचं, आम्ही दोघी एकाच जातीच्या घाबरट. तसं नव्हतं. मी दिवसभर घाबरायचे आणि करायचे काहीच नाही. सिस्टर बोर्डाला हात लावायच्या, वास घ्यायच्या, आणि मग दिवसभर त्या गोष्टीचा विचारसुद्धा करायच्या नाहीत. दुपारी घोरत झोपायच्या.

आग लागली ती अशाच एका दुपारी. उन्हाळ्यातलं लोडशेडिंग. मी बटणं आणि अस्तर आणायला बाजारात गेले होते. लाइट आली ती एकदम चढून आली. अख्ख्या गल्लीतले बल्ब उडाले, आणि माझ्या खोलीतला बोर्ड पेटला. त्याच्या खालीच कापडांचा ढीग होता.

मी आले तेव्हा गल्ली गोळा झालेली. सिस्टर धुरात उभ्या, एका हातात रिकामी लाल बादली. मेन स्विच बंद केला होता, दोन्ही बादल्या वाळू ओतली होती, वरून ओली गोधडी टाकली होती. पुढचं घर वाचलं. माझी खोली, तिला लागून असलेली स्वयंपाकघराची भिंत, वरचे पत्रे, त्यांचं लाकडी कपाट, हे सगळं गेलं. माझं मशीन वितळून काळं पडलं होतं. काकूंचा नव्या लुगड्याचा ब्लाऊजपीसही त्यातच.

"इस्त्री," मी म्हणाले.

सिस्टरांनी भिंतीकडे बोट केलं. इस्त्रीची वायर गुंडाळून खिळ्याला लटकत होती, मीच ठेवलेली. "तुझं काही न्हाई त्याच्यात. तुला भोवळ येऊन राहिली का? बस खाली."

आठवड्याभरात नांदेडहून सर्व्हेअर आले, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी पाठवते ते साहेब. टेप, कॅमेरा घेऊन. सिस्टर नळावर गेल्या होत्या, म्हणून त्यांनी आधी गल्लीत चौकशी केली.

आता गल्लीनं काय केलं होतं ते सांगायला हवं. एजंटचं ते बोलणं, घरच्या माणसाचं सामान धरतात, किरायदाराचं धरत नाहीत, गल्लीभर झालं होतं. पोरीचं मशीन गेलं, सिस्टरचं घर विम्यात आहे, मग पोरीलाही मिळू द्या, असं सगळ्यांनी मनावर घेतलं. माझी जात काय, गाव कुठलं, कुणी विचारात घेतलं नाही. सगळ्यांनी मिळून मला सिस्टरांच्या नात्यात घ्यायचं ठरवलं. फक्त कोणत्या नात्यात, ते ठरवायचं राहून गेलं.

काकूंनी सांगितलं, "भाची हाय साहेब, सख्ख्या बहिनीची." कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सांगितलं, "पुतनी." आणि पलीकडच्या आजी, ज्यांना कमी ऐकू यायचं, त्या म्हणाल्या, "सून हाय. लई गरीब गाय."

साहेबांनी चष्मा पुसला. "सिस्टरांना मुलगा आहे?"

"न्हाई ना," आजी म्हणाल्या. "बिचाऱ्यांचं लगन झालं न्हाई."

सिस्टर हंडा घेऊन आल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. अंगणात खुर्ची दिली तिच्यावर बसून सावकाश म्हणाले, "मॅडम, आमच्या कागदावर भाडेकरू, शिवणकाम, असं आहे. गल्ली म्हणते नात्यातली. तुमच्या कुटुंबातली असेल, तर हिचं मशीन, कापड तुमच्या सामानात धरायचा विचार करता येईल. भाडेकरूचं नाही धरता येणार. कागदावर चुकून लागलं असेल तर आता सांगा. ही तुमची कोण?"

सगळी गल्ली कुंपणाशी. काकू डोळ्यांनी खुणा करत होत्या. मी दाराच्या जळक्या चौकटीपाशी उभी होते. मशीन नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे किराया नाही, आणि मग गावी परत. हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मशीनहून जास्त मला एवढंच ऐकायचं होतं, की त्या मला काय म्हणतात.

सिस्टरांनी हंडा खाली ठेवला. मशीनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"किरायदार हाय," त्या म्हणाल्या. "किराया घेते मी तिच्याकडून. मशीन तिची हाय. माझ्या सामानात लावू नका."

"काळीज हाय का दगड, सिस्टर!" काकू ओरडल्या.

"तुमच्याच ब्लाऊजसाठी रडून राहिल्या ना? नवा घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं आणि ते गेले. गल्लीनं त्या दिवशी सिस्टरांशी बोलणं टाकलं. मी पुढच्या खोलीत, जिथं त्यांनी माझं अंथरूण हलवलं होतं, तिथं बसून उरलेसुरले कपडे पिशवीत भरायला लागले. रडू येत नव्हतं. मला वाटत होतं, बरोबरच आहे. मी कोण त्यांची?

सिस्टर ताटं वाढायला आल्या. "काहून बांधून राहिली?"

"जाते गावी. आता किराया कुठून देऊ?"

"मी नोटीस दिली का तुला?"

"काय?"

"किरायदाराला काढायचं तर महिनाभर आधी सांगावं लागते. मी सांगितलं का? न्हाई ना? मंग ठेव ते खाली."

मी म्हणाले, "तुम्ही भाची म्हटलं असतं तर मशीन..." त्यांनी ताट ठेवलं आणि माझ्यासमोर मांडी घातली.

"मी नर्सिंग शिकायला नांदेडला होते ना, तवा मामाकडं राहिले," त्या म्हणाल्या. "मामी सगळ्याइला सांगायची, घरचीच पोरगी हाय. घरचीच म्हनून भांडी माझ्याकडं. घरचीच म्हनून पावना आला की मी ओट्यावर झोपायची. एक दिवस पुतन्या येनार होता, तर मामी म्हनली, तू आता दुसरीकडं पाहा. परीक्षा तोंडावर. मी काय बोलनार? घरची ना मी. घरच्याला नोटीस नसते, पोरी. मी तवाच ठरवलं, माझ्या घरात जे राहील त्याचा हक्क राहील. मायेचं काय, ती आज हाय, उद्या डोकं फिरलं तर न्हाई. माझं डोकं कवा फिरल, मला काय माहीत?"

मग म्हणाल्या, "जेव. भाकर वातड होऊन राहिली."

पुढं एजंटच येऊन सांगून गेला. आधी कळवलेलं आणि आता सांगितलेलं जुळलं, म्हणून घराचा दावा विनातक्रार सुटला. भाची म्हटलं असतं तर एक कागद एक सांगतो, दुसरा दुसरं, आणि सगळंच अडकून बसलं असतं. हे त्यानं गॉगल हातात धरून सांगितलं. काकूंनी ऐकलं, सिस्टरांकडे दोडक्याची भाजी पाठवली, पण माघार म्हणून एक शब्द बोलल्या नाहीत.

माझ्या मशीनचं काहीच आलं नाही. सिस्टरांनीही घेऊन दिलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण ऐकणाऱ्याला नेहमी वाटतं की त्यांनी दिलं असेल. कापडवाल्यानं त्याचं जुनं पायाचं मशीन वापरायला दिलं आणि त्यावर मी पुन्हा उभी राहिले. सिस्टर मात्र मला हाताला धरून एजंटकडे घेऊन गेल्या. जुन्या मशीनचा विमा माझ्या नावानं निघाला. सही करताना मी एकेक अक्षर थांबून काढलं. एजंट म्हणाला, सावकाश. सिस्टर म्हणाल्या, "तिला घाई न्हाईच."

पत्रे नवे आले, भिंत उभी राहिली आणि मी परत मागच्या खोलीत गेले. मग किरायाचा दिवस आला. दर वेळी मी पैसे टेबलावर ठेवून, त्या काही म्हणायच्या आत, पळून यायचे. त्या दिवशी ठेवले आणि उभी राहिले. सिस्टर डाळ निवडत होत्या.

"सिस्टर, माझ्या खोलीला चुना मारायचा राहिलाय. धुरानं काळी आहे. कपड्यांना लागतं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. असं त्या बऱ्याच दिवसांनी पेशंट उठून बसलेला दिसला की बघत असतील.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मालकानं मारून द्यावंच लागते. अजून काय तकलीफ हाय? सांग, एकेक सांग."

मी सांगायला लागले. खिडकीची कडी बसत नाही. पत्र्याचा एक कोपरा वाऱ्यात वाजतो. नवा बोर्ड फार उंच लावलाय, माझा हात पोचत नाही. मी सांगत गेले आणि सिस्टर मान डोलवत, मधे मधे "मंग?" म्हणत, ऐकत राहिल्या.